लाकडी मजले आणि सुताराचे नाव



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची रीत आपल्या पुणे जिल्ह्याला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही माळ ओवायला घेतली, आणि पुढे ती गावोगाव गेली. या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. आम्हांला बोलायची सवय आहे ती कारखान्याच्या दारात, पाळी सुटताना. तेव्हा बोलता बोलता आवाज चढला तर आम्ही रागावलो आहोत असे कृपा करून समजू नका.

आजचा विषय आहे ‘उंच लाकडी इमारतींचे आराखडे करण्याची विद्यार्थ्यांची स्पर्धा’. कामगार संघटनेच्या माणसाचा याच्याशी काय संबंध, असे काहींच्या मनात आले असेल. संबंध सरळ आहे. इमारत एक जण कागदावर काढतो, दुसरा ती उभी करतो आणि तिसरा तिच्यात राहतो. कागदावर काढणाऱ्याचे नाव मासिकांत छापून येते, राहणाऱ्याचे नाव दारावरच्या पाटीवर येते. मधला जो आहे, तो आमचा माणूस. त्याचे नाव कुठे येते, याचा तपास करण्यासाठी आम्ही हा विषय मागून घेतला.

प्रथम ही स्पर्धा म्हणजे काय ते सांगतो. वास्तुकला शिकणाऱ्या मुलांना एक जागा आणि एक गरज ठरवून द्यायची आणि त्यावर त्यांनी आराखडे करायचे, ही पद्धत जुनी आहे. आपल्या देशात वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना १९५७ सालापासून आहे आणि तिच्या चढाओढीत देशभरची महाविद्यालये उतरतात. लाकडाची खास स्पर्धा अमेरिकेत निघाली. तिथल्या वास्तुकलेच्या शिक्षणसंस्थांच्या मंडळाने लाकूडवाल्यांच्या मदतीने २०१२ साली ‘टिंबर इन द सिटी’ नावाची स्पर्धा जाहीर केली. जागा दिली न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन भागातली, रेड हुक नावाच्या बंदरालगतच्या जुन्या कामगार वस्तीतली. आराखड्यात काय काय हवे? परवडणाऱ्या भाड्याची घरे हवीत, लाकूडकामाचा नव्या तऱ्हेचा कारखाना हवा आणि कामगारांना ते काम शिकवण्याची जागाही हवी. ही शेवटची अट वाचली तेव्हा आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले आणि चहा मागवला. घर, कारखाना आणि शाळा एकाच अंगणात मागणारी स्पर्धा रोज पाहायला मिळत नाही.

आता लाकूड आणि उंच इमारत या दोन गोष्टींचे जमते कसे? आपल्याला वाटते की लाकूड म्हणजे जुना वाडा, आणि उंची म्हणजे सिमेंट आणि लोखंड. जगात मात्र गेल्या काही वर्षांत वेगळेच घडले आहे. लंडनमध्ये मरे ग्रोव्ह येथे २००९ साली नऊ मजल्यांची राहती इमारत झाली. तिचा तळमजला काँक्रीटचा आणि वरचे आठ मजले लाकडाचे. कॅनडात व्हँकूव्हरच्या विद्यापीठात २०१७ साली अठरा मजल्यांचे वसतिगृह उघडले, त्यात चारशेवर विद्यार्थी राहतात. नॉर्वेतल्या ब्रुमुंडाल गावी २०१९ साली ८५ मीटरांची लाकडी इमारत झाली. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात २०२२ साली २५ मजल्यांची आणि ८६ मीटरांहून उंच अशी इमारत पुरी झाली. या सगळ्या निव्वळ लाकडाच्या आहेत असे नाही. व्हँकूव्हरला जिने आणि लिफ्ट यांचे गाभे काँक्रीटचे आहेत, आणि ब्रुमुंडालला वरच्या मजल्यांवर मुद्दाम काँक्रीटची तक्तपोशी घातली आहे. कारण लाकूड हलके असते. वाऱ्याने इमारत डोलू नये म्हणून डोक्यावर वजन ठेवावे लागले. डोक्यावर ओझे असले म्हणजे माणूसही ताठ चालतो, हे आपल्याकडच्या पाणी आणणाऱ्या बाईला विचारा.

हे लाकूड म्हणजे झाडाचा अखंड सोट नव्हे. चांगल्या वाळवलेल्या फळ्यांचा एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, त्यावर तिसरा पुन्हा उभा, असे तीन, पाच, सात थर गोंदाने दाबून चिकटवतात. ही विद्या ऑस्ट्रिया आणि जर्मनी या देशांत १९९० नंतरच्या काळात नावारूपाला आली. सुतार मंडळी इथे असतील तर त्यांना यातली मेख लगेच कळेल. लाकूड रेषेच्या दिशेने बळकट असते आणि आडव्या अंगाने चिरते, फुगते, आक्रसते. एकावर एक उलटसुलट थर घातले की एकाचे वैगुण्य दुसरा सांभाळतो. आमच्या भाषेत यालाच संघटना म्हणतात. अशी भिंतच्या भिंत, खिडकीची जागा कापून, कारखान्यातून तयार येते आणि जागेवर फक्त जोडायची राहते.

इतके करण्याचे कारण काय? कारण हवेचे आहे. जगात जेवढा कर्बवायू माणूस हवेत सोडतो, त्यातला शंभरातला सात-आठ हिस्सा एकट्या सिमेंटच्या पायी जातो. झाड मात्र वाढताना तोच वायू हवेतून घेते. एक घनमीटर सुकलेल्या नरम लाकडात सुमारे नऊशे किलो कर्बवायूची भरपाई साठलेली असते, आणि ते लाकूड घरात शाबूत आहे तोवर तो वायू बाहेर पडत नाही. अर्थात तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे लावले, तरच हा हिशेब जमेचा. नाही तर तो कर्ज काढून केलेल्या सणासारखा आहे.

इथवर परदेशाची हकीकत झाली. आता आपल्या मावळात येऊ. कारण श्रोतेहो, उंच लाकडी इमारतीचे आराखडे पाहायचे असतील तर न्यूयॉर्कला जाण्याची गरज नाही. मळवली स्टेशनावर उतरावे. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले, आणि पवन मावळात बेडसे. ही लेणी आपण शाळेच्या सहलीत पाहिलेली असतात. एकवीरेच्या दर्शनाला गेलो की जाता जाता कार्ल्याच्या चैत्यगृहात डोकावून येतो. पण आत गेल्यावर मान वर करून पाहिले आहे का? कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आहे, आणि रुंदी व उंची प्रत्येकी ४५ फुटांच्या आसपास. त्याच्या छताला खालून लाकडाच्या कमानदार फासळ्या बसवलेल्या आहेत. स्तूपावर लाकडाचे छत्र आहे. ही दोन हजार वर्षांपूर्वीची मूळची सुतारकी आहे. मागाहून कोणी दुरुस्तीत घातलेली नव्हे.

आता विचार करा. डोंगर पोखरून केलेल्या दालनाला छताखाली लाकडाची गरज काय? वरचा कातळ स्वतःच्या बळावर उभा आहे. फासळ्या काढल्या तरी तो पडायचा नाही. तरीही त्या घातल्या, कारण त्या काळच्या माणसाच्या मनात सभागृह म्हणजे लाकडाचेच. भाज्याचे चैत्यगृह याहून जुने, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातले. तिथले दगडी खांब पाहा. ते ओळंब्यात नाहीत, आत झुकलेले आहेत. दगडाला झुकण्याचे काही कारण नव्हते. लाकडी मंडपात मात्र कमानीचा रेटा बाहेरच्या बाजूला येतो, तो पेलायला खांब आतल्या बाजूस कलता रोवावा लागतो. पाथरवटाने सुताराचे काम जसेच्या तसे उचलले, त्याच्या गरजेसकट उचलले. भाज्याच्या दर्शनी भागाचे लाकूड कधीच गेले. कातळात त्याच्या खाचा तेवढ्या राहिल्या आहेत. खाच आहे आणि कूस नाही. जुन्या घराच्या भिंतीत तुळईची रिकामी खोबण दिसावी, तसे ते दिसते.

आणि मजले? कार्ल्याच्या ओसरीत उभे राहून डाव्या-उजव्या भिंतींकडे पाहा. खाली हत्ती, त्यांच्या पाठीवर एकावर एक मजले चढलेले, प्रत्येक मजल्याला कमानीच्या खिडक्या, कठडे, सज्जे. हे चित्र कल्पनेतले नाही. नगरांतून अशी लाकडाची घरे उभी होती, म्हणून ती दगडात उतरली. ती नगरे जळाली, कुजली, वाळवीने खाल्ली. त्यांचा नकाशा मावळच्या डोंगरात शिल्लक राहिला. विद्यार्थ्यांची स्पर्धा असते तसाच हा आराखडा आहे म्हणा ना! फरक एवढाच की कागदाऐवजी कातळ वापरला.

कार्ल्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत. वैजयंतीच्या भूतपाल शेठजीने हे शैलगृह पुरे केले, असे एक लेख अभिमानाने सांगतो. शेठजीचे नाव राहणारच, पैसा त्याचा. पण त्याच ठिकाणी दारापाशी दुसरा एक लहानसा लेख आहे. त्याचा मतलब असा की, धेनुकाकट गावचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने हे दार केले. सुतार या अर्थी तिथे जो प्राकृत शब्द आहे तो ‘वढकी’. आपल्या वऱ्हाडात आजही सुताराला वाढई म्हणतात, तो हाच शब्द. दोन हजार वर्षांत राजे गेले, लिपी बदलली, धर्म बदलले. धंद्याचे नाव टिकले आणि एका कारागिराचे, त्याच्या बापाच्या नावासकट, टिकले. हे धेनुकाकट कुठले, याबद्दल पंडितांत मतभेद आहेत. पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईस कामाला जाणारे दामोदर धर्मानंद कोसंबी मावळच्या या डोंगरवाटा पायाखाली घालीत. त्यांचे मत असे होते की ते गाव कार्ल्याच्या आसपासचेच असावे. तसे असेल तर सामी हा आपल्या मावळचा माणूस. नसला तरी आम्ही त्याला आमच्या युनियनचा आद्य सभासद मानायला तयार आहोत.

याच्या उलट चित्रही मावळातच आहे. खंडाळ्याच्या घाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. घाटाचे काम १८५६ पासून चालले होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट तडीस नेले. त्या बाईच्या हिमतीला आमचा नमस्कार आहे. पण त्याच घाटात कॉलऱ्याने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या जानेवारीत तिथे दंगाही झाला. त्या हजारांतले एक तरी नाव आपल्याला सांगता येईल का? दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचे नाव सांगता येते आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या मजुराचे सांगता येत नाही, याला प्रगती म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

आता लाकडाची दुसरी बाजू. ती न सांगितली तर आम्ही लाकूडवाल्यांचे दलाल ठरू. पुण्याचा शनिवारवाडा बांधायला १७३० साली सुरुवात झाली, १७३२ साली वास्तुशांत झाली, आणि खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये आला असे सांगतात. जोते दगडाचे, वर वीट आणि सागवान. पुढे त्यावर मजले चढत गेले. सात मजली होता अशी ख्याती आहे. म्हणजे आपल्या मुलखातली उंच लाकडी इमारत ती हीच. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी तिला आग लागली आणि ती आग दिवसच्या दिवस धुमसत राहिली. आज जाऊन पाहा: तट आहे, दिल्ली दरवाजा आहे, जोती आहेत, कारंज्याचे हौद आहेत, मजला एकही नाही. १८७९ साली बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्यालाही झळ पोचली. तेव्हा लाकूड म्हटले की पुणेकराच्या मनात आगीची भीती येते, ती उगीच नाही.

यावर आजचे शास्त्र काय म्हणते? ते म्हणते, जाड लाकूड आणि बारीक लाकूड यांत फरक करा. चुलीत ढलपी भडकते, ओंडका मात्र नुसता धुमसतो. हे आमच्या आईला माहीत होते. जाड तुळईच्या अंगावर कोळशाचा थर चढतो आणि तो थर आतल्या लाकडाचे रक्षण करतो. आग मिनिटाला सुमारे पाऊण मिलिमीटरहून कमी वेगाने आत जाते, म्हणजे तासाला चार सेंटिमीटरच्या आसपास. तेव्हा भारासाठी लागते त्याहून तेवढे लाकूड जास्त ठेवायचे, म्हणजे माणसे बाहेर पडेपर्यंत तुळई उभी राहते. हिशेब बरोबर आहे. परंतु त्याला जोडून पाण्याचे फवारे हवेत, दोन जिने हवेत आणि दोन्ही जिने मोकळे हवेत. लंडनचा ग्रेनफेल टॉवर २०१७ साली जळाला आणि ७२ माणसे गेली. ती इमारत लाकडाची नव्हती, काँक्रीटची होती. तिला बाहेरून लावलेली शोभेची आवरणे पेटली. तात्पर्य, आग सामान पाहून लागते आणि काटकसर पाहून पसरते. जिन्यात गोदाम करणारा मालक असला तर दगडाची इमारतही आपल्याला वाचवणार नाही.

आणखी दोन शत्रू आहेत, आणि ते परदेशच्या आराखड्यांत फारसे दिसत नाहीत: पाऊस आणि वाळवी. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. त्या दिवसांत कपाटातल्या चपलेला बुरशी येते, दार चौकटीत अडकते. इथल्या जुन्या घरांचे शहाणपण आठवा. जोते उंच दगडाचे, खांबाखाली दगडी तळखडा, म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नाही. छपराची पाख भिंतीच्या पुष्कळ पुढे आलेली. आत हवा खेळती. लाकूड भिजल्याने मरत नाही, भिजून न वाळल्याने मरते. कार्ल्याच्या फासळ्या दोन हजार वर्षे टिकल्या याचे रहस्य हेच की त्यांच्यावर पाऊस पडला नाही. आता काचेच्या गुळगुळीत लाकडी मनोऱ्याचे सुंदर चित्र काढून जो विद्यार्थी बक्षीस घेतो, त्याला एक जुलै महिना आम्ही लोणावळ्यात राहायला बोलावू इच्छितो. खर्च आमचा.

बरे, हे लाकूड आणायचे कुठून? १८७८ च्या जंगल कायद्याने रान सरकारजमा झाले आणि गावच्या सुताराला झाड मागायला दाराशी उभे राहावे लागले. पुढे जंगल इतके कमी झाले की वाचवणे भाग पडले. केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याने १९९३ साली आपल्या कामांत लाकूड वापरणे बंद केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. हे योग्यच झाले. पण त्याचा दुसरा परिणाम असा की लाकडी बांधणीची विद्या महाविद्यालयांतून हळूहळू उठली. बांधकाम खात्याची ती बंदी २०२० साली उठली आहे. बांबू तर शेतात लावलेला असेल तर तोडायला नेण्याला परवाना नको, असा बदल कायद्यात २०१७ साली झाला. म्हणजे दार किलकिले झाले आहे. मावळच्या शेतकऱ्याने बांधावर साग आणि बांबू लावला, तर वीस-पंचवीस वर्षांनी त्याच्या नातवाला त्याचा आधार होईल. मात्र ऐन, जांभूळ, हिरड्याचे सह्याद्रीचे रान या कामासाठी तोडायचे नाही, हे आधी ठरवून मगच पुढे जायचे. रान तोडून हवा सुधारता येत नाही.

आता आम्ही आमच्या मूळ मुद्द्यावर येतो. लंडनच्या त्या मरे ग्रोव्हच्या इमारतीचे लाकडी मजले किती माणसांनी किती दिवसांत उभे केले असतील? चार सुतारांनी, सत्तावीस दिवसांत. व्हँकूव्हरच्या अठरा मजल्यांचा लाकडी सांगाडा सत्तर दिवसांच्या आत उभा राहिला. बांधकाम कंपन्या हे आकडे अभिमानाने सांगतात. आम्ही ते वाचले आणि आम्हांला दोन गोष्टी एकदम वाटल्या. पहिली अशी, की वा! उन्हात, उंचीवर, परांचीवर लोंबकळून करायचे काम कमी होणार. माणसे छपराखाली, जमिनीवर उभी राहून काम करतील. पडून मरणारे वाचतील. दुसरी अशी, की मग बाकीच्यांनी काय करायचे?

ही भीती हवेतली नाही. आपल्याच तळेगाव-चाकणच्या पट्ट्यात पाहा. यंत्रे पाठवायला लाकडी पेट्या आणि पॅलेट लागतात. परदेशचे पाइन येते आणि त्याला खिळे ठोकण्याचे काम चालते. ते करणाऱ्यांत पिढीजात सुतारांची पोरे आहेत. बापाने वाकसाने खांब तासला, रंध्याने फळी गुळगुळीत केली, खाच-कूस अशी बसवली की खिळा लागला नाही. आणि मुलगा दिवसभर खिळ्याची बंदूक चालवतो. आमच्या एका सभासदाची दोन बोटे चक्री करवतीवर गेली. मालक म्हणाला, करवतीवरचे झाकण यानेच काढून ठेवले होते. खरेच काढले होते. झाकण ठेवले तर दिवसाचा ठरवून दिलेला आकडा पुरा होत नव्हता, आणि आकडा पुरा झाला नाही तर दुसऱ्या दिवशी दारावर नाव नसे. भरपाईचा निकाल लागायला तीन वर्षे लागली. तो सभासद आजही उजव्या हाताने नमस्कार करताना हात जरा मागे घेतो. म्हणून आम्ही म्हणतो, लाकडी मनोऱ्याच्या आराखड्यात वारा मोजा, भूकंप मोजा, कर्बवायू मोजा. पण करवतीवरचे झाकणही त्या नकाशात दाखवा. ते ज्या नकाशात नाही, तो नकाशा अपुरा आहे.

कोणी म्हणेल, नव्या विद्येला विरोध करणे हा तुम्हा युनियनवाल्यांचा धर्मच आहे. तसे नाही. विद्या येऊ द्या. ती येताना कारागिराला वर्गात घेऊन या, एवढेच म्हणणे आहे. पैसा-पैसा गोळा करून याच तळेगावात १९०८ च्या सुमारास काचेचा कारखाना निघाला, तेव्हा त्यामागचा हेतू नफ्याइतकाच माणसे शिकवून तयार करण्याचा होता. तिथे शिकलेले कारागीर देशभर गेले. जे काचेबाबत झाले, ते लाकडाबाबत का होऊ नये?

तेव्हा आमची सूचना अशी आहे. आपल्या मावळातच विद्यार्थ्यांची अशी स्पर्धा भरवावी. पुण्या-मुंबईची वास्तुकलेची महाविद्यालये तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत आणि दोन हजार वर्षांचा नमुना दाराशी आहे. तिच्या अटी आम्ही आमच्या अल्प बुद्धीने लिहून आणल्या आहेत.

पहिली अट, जागा खरी असावी आणि गरज खरी असावी. लोणावळ्यात सुट्टीपुरते उघडणारे बंगले पुष्कळ आहेत; ते बांधणारा गवंडी आणि सुतार मात्र पत्र्याच्या खोलीत राहतो. तेव्हा विषय असा द्यावा: बांधकाम कामगारांच्या कुटुंबांसाठी घरे आणि खाली सुतारकीची शाळा. उंची पाच-सहा मजल्यांची पुरे. आधी पाच मजले जुलैत कोरडे ठेवून दाखवा, मग पंचविसाचे बोलू.

दुसरी अट, प्रत्येक संघात एक काम करणारा सुतार असावा. तो नुसता सल्ल्यापुरता नव्हे. आराखड्यावर त्याचे नाव विद्यार्थ्यांच्या नावांबरोबर, त्याच अक्षरांत यावे आणि बक्षिसात त्याचा वाटा बरोबरीचा असावा. त्याने बुडवलेल्या दिवसांची मजुरी आयोजकांनी भरावी.

तिसरी अट, पाऊस, वाळवी आणि आग यांचा प्रत्येकी एक स्वतंत्र नकाशा असावा. पाणी कुठून येईल आणि कुठून जाईल, वाळवी कुठून चढेल, आणि रात्री दोन वाजता आग लागली तर पाचव्या मजल्यावरची म्हातारी कोणत्या जिन्याने उतरेल, हे त्यात दाखवावे.

चौथी अट, लाकूड कोणते, कोणाच्या जमिनीवरचे आणि त्याच्या जागी काय लावले, हे लिहावे.

पाचवी अट, इमारत कशी दिसेल याबरोबर ती कशी उभी राहील हेही काढावे. परांची कुठे, दोर कुठे अडकवायचा, किती माणसे किती दिवस, आणि त्यांच्या पोरांना दिवसभर सांभाळण्याची जागा कुठे. ज्या चित्रात इमारतीसमोर छत्री घेतलेल्या बाई आणि सायकलवरचा मुलगा असतो, त्या चित्रात एक तरी माणूस काम करताना दिसावा.

सर्व आराखडे आपल्या नगरवाचनालयात आठ दिवस लावावेत. परीक्षक मंडळात एक प्राध्यापक असावा, एक आग विझवणाऱ्या दलाचा माणूस असावा, एक वयोवृद्ध सुतार असावा आणि एक गृहिणी असावी. भांडणे होतील. होऊ द्यावीत. भांडण झाल्याशिवाय आमच्या धंद्यात एकही चांगला करार झालेला नाही.

यात पैसा किती लागेल असे विचाराल, तर एका उरुसाच्या आतषबाजीपेक्षा कमी लागेल. आणि साधेल काय? एकदम मनोरे उभे राहणार नाहीत, हे आम्हांलाही कळते. पण वास्तुकला शिकणारी पंचवीस मुले भाज्याच्या कलत्या खांबापुढे सुताराच्या शेजारी उभी राहतील, तो खांब का कलला हे त्याच्याकडून ऐकतील. आणि पंचवीस सुतारांना प्रथमच कोणी विचारील की, मिस्त्री, हे असे बसेल का? हा प्रश्न आज बांधकामावर कोणी विचारीत नाही. नकाशा येतो, मुकादम ओरडतो आणि काम होते. तो प्रश्न विचारला गेला असता तर किती पाडापाड वाचली असती, किती बोटे वाचली असती, याचा हिशेब अजून कोणी केलेला नाही.

इमारती आपल्या आयुष्याहून लांब टिकतात असे आपण म्हणतो. शनिवारवाड्याकडे पाहिले तर तसे काही खरे नाही, मजले जातात. सामी सुताराने बसवलेल्या दाराची तीच गत. त्यातून आज डोंगरावरचा वारा आतबाहेर करतो. नाव मात्र भिंतीवर आहे. ते कोणीतरी कोरू दिले, कोणाला तरी ते कोरण्याजोगे वाटले. आपल्या शहरात जी नवी इमारत होईल, मग ती लाकडाची असो, सिमेंटची असो की बांबूची, तिच्या दाराशी उद्घाटन करणाऱ्या पुढाऱ्याच्या संगमरवरी पाटीखाली गवंड्याचे, सुताराचे, सळई बांधणाऱ्याचे नाव लावावे, असा ठराव आपल्या नगरपरिषदेपुढे कोणी मांडील काय? मांडणारा कोणत्याही पक्षाचा असो, आमच्या संघटनेचा त्याला पाठिंबा राहील.